एकटा जोयिन

खिडकीवरून एखादा पक्षी उडत गेला की पिंजऱ्यातला जोयिन आधी मान तिरकी करी आणि साधारण चार सेकंदांनी गाऊ लागे. बाहेरचा पक्षी कठड्यावर येऊन बसला की हा गप्प. इरावती तीन आठवडे पाहत होती. अपवाद सापडला नव्हता.

माल्टी भाषेत जोयिन म्हणतात तो चिमणीएवढा, तपकिरी पक्षी. पायात नंबराची कडी, म्हणजे पिंजऱ्यातच जन्मलेला. पिंजरा जेमतेम वीतभर रुंद.

“माल्टात माझे वडील असाच एक शेतात मांडून ठेवायचे,” चेन्सू म्हणाला. साउथहॅम्प्टनच्या गोदीत चाळीस वर्षं काढलेला हा म्हातारा तिचा घरमालक. “दोन बाजूंना जाळी. वडील दगडी खोपटात दोरी धरून बसायचे. याचं गाणं ऐकून वरून जाणारे खाली उतरायचे.”

“आमच्याकडे तितर असाच धरतात. पाळलेला तितर बसवून.”

“मग तुला माहीत असेल. घाई करायची नाही. दोन्ही पाय जमिनीला टेकले की मगच ओढायचं. एकदा निसटलेला पुन्हा येत नाही.” त्यानं पिंजऱ्यात दाणे टाकले. “तू ओढली असतीस दोरी?”

इरावतीनं उजव्या हातानं किटली उचलली. डाव्या मनगटाच्या हाडात स्टीलची पट्टी होती. ती बसवायची वेळ तिच्या नवऱ्यानं, पुष्करनं, आणली होती.

पुष्करनं तिच्या घराच्या शंभर मीटरच्या आत यायचं नाही, असा कोर्टाचा हुकूम होता. लेस्टरला तो गाडी लावून एकशेदहा मीटरवर बसायचा. स्लाऊला एकशेपाच. रोज संध्याकाळी. तो रेषेच्या आत सापडल्याशिवाय त्याला धरता येणार नाही, असं तिला पोलिसांनी सांगितलं होतं. तिनं दोनदा घर बदललं. हा तिसरा पत्ता तिनं कुणालाच दिला नव्हता.

शनिवारी सकाळी तिनं नागपूरला फोन लावला.

“जिवंत आहेस म्हणायची,” आई म्हणाली. “पुष्करराव विचारत होते. किती वाळलेत बिचारे.”

“तू त्याला व्हिडिओवर पाहतेस?”

“जावई आहेत. फोन कापू का त्यांचा? आणि तू राहतेस तरी कुठे? शेजारी विचारतात. काय सांगू, मुलगी हवेत राहते?”

बंदरातल्या जहाजानं लांबलचक भोंगा दिला. इरावतीनं फोन खिडकीपासून बाजूला घेतला नाही.

“ते काय गं वाजलं?”

“जहाज. आई, पत्ता सांगते. पण कुणाला सांगायचा नाही. पुष्करला तर नाहीच.”

“मी कशाला सांगते!”

इरावतीनं पत्ता सांगितला, पोस्टकोडसकट. आईनं दोनदा विचारून लिहून घेतला.

“आणि रविवारची जेवतेस ना नीट? एकटी असलीस की तू चहावर भागवतेस.”

“जेवते. घरमालक दुपारी चर्चला जातात, तेव्हा शांत असतं.”

चेन्सूला मराठी येत नव्हतं. तरी तिनं फोन ठेवल्यावर त्यानं विचारलं, “सांगितलंस?”

“आईच आहे ती,” इरावती म्हणाली.

रविवारी चेन्सू चर्चला गेलाच नाही. पत्ते खेळायला म्हणून दोघं आली होती. इरावतीनं त्यांचे ओले कोट कपाटात टांगले, स्वयंपाकघरात चहा नेऊन दिला आणि बाहेर येताना दार ओढून घेतलं.

दीड वाजता आईचा फोन आला.

“इरू, रागावू नकोस. ते रडले गं फोनवर. मला नाही राहवलं.”

“कधी सांगितलंस?”

“कालच. ऐक ना, माणूस बदलतो…”

“ठेवते, आई.”

रस्त्याच्या टोकाला राखाडी गाडी थांबली. दिव्याचे खांब तिच्या दारापासून तीस-तीस मीटरवर होते. इरावतीनं ते आधीच मोजले होते. पुष्कर उतरला. चौथ्या खांबापाशी बराच वेळ उभा राहिला. मग तिसरा ओलांडला.

जोयिननं मान तिरकी केली.

बेल वाजली. तिनं दार पूर्ण उघडलं.

“किती शोधायला लावलंस,” पुष्कर हसून म्हणाला. त्याचा एक बूट पायपुसण्यावर होता, दुसरा बाहेर. त्यानं रस्त्यावर दोन्हीकडे पाहिलं. “एकटीच आहेस ना?”

“दारात काय बोलायचं? आत ये.”

त्यानं दुसरा पाय आत घेतला आणि टाचेनंच दार लोटलं. मग तिचं डावं मनगट धरलं, नेमकं पट्टीवर. “सामान भर.”

जोयिन गप्प झाला. स्वयंपाकघरात पोलिसांचा वायरलेस खरखरला.

“आत कोण आहे?” पुष्करनं विचारलं.

इरावतीनं हात सोडवून घेतला नाही. बंद दाराकडे पाहून ती मोठ्यानं, इंग्रजीत म्हणाली, “हो, चेन्सू. ओढा दोरी.”