उदबत्ती नसलेलं घर

"शेजारी पुन्हा बांगडा भाजतायत," दारात बूट काढता काढता हिसानोरी म्हणाला. "मागच्या अंगणात भाजा म्हणावं त्यांना."

"सांगते," तोकिए म्हणाली आणि नवऱ्याचा कोट तिनं खुंटीला लावला. कुंपणापलीकडे शेजारीण शेगडीवर पंखा हलवत बसली होती.

या घरात मासा भाजत नसत. लसूण नाही, सुवासिक साबण नाही. फुलं आणलीच तर बिनवासाची. हिसानोरी डोंगरातल्या व्हिस्कीच्या कारखान्याचा मुख्य ब्लेंडर. कुठल्या पिंपातला माल्ट कुठल्यात मिसळायचा, हे त्याचं नाक ठरवी. दुपारी तो रोज त्याच साध्या उदोन शेवया खाई; चव बदलली की नाक बहकतं म्हणे. नाकावर राग असणारी माणसं गावात पुष्कळ, नाकावर गाव पोसणारा हा एकच, असं लोक कौतुकानं म्हणत. त्यात घरच्या बाईच्या नाकी किती नऊ येतात, हे कौतुक करणाऱ्यांना कुठलं कळायला!

आज चिहायाचा दिवस होता. एकुलती एक मुलगी. बर्फात गाडी घसरून ती गेली, त्याला सहा वर्षं झाली. शेजारच्या खोलीत देव्हाऱ्यात तिचा फोटो होता. पुढ्यात रोज ताजा भात, ताजं पाणी. अंत्यविधीच्या दिवसांत घरात धूप जळला होता, त्यानंतर हिसानोरीनं बजावलं होतं, "यापुढे एक काडीही नको. माझं नाक गेलं तर कारखाना गेला."

"मालक येतायत थोड्या वेळानं," तो हात धुता धुता म्हणाला. "इबुकीही आहे बरोबर. मी नको म्हणत होतो, पण घरीच येतो म्हणून हट्ट धरलाय त्यांनी. मी आणखी पाच वर्षं राहावं असं त्यांच्या मनात आहे."

तोकिएचा हात भाताच्या भांड्यावरच थांबला. "या हिवाळ्यात सोडणार म्हणाला होतात ना?"

"माझ्यामागे आहे कोण? इबुकी पोरगी हुशार आहे, पण कच्ची. प्रत्येक पेला मी आधी तिलाच हुंगायला लावतो. ती म्हणते आलुबुखार. मी म्हणतो, बरोबर, पण आणखी खोल जा. मग कुठे तिला दालचिनी सापडते. असं शिकवावं लागतं."

"आणि चिहाया?"

"तिचं काय?"

"देवळातले भिक्षू काय म्हणाले, ऐकलंत ना? गेलेल्या माणसाचं जेवण म्हणजे धुपाचा वास. भात नुसता बघायला. तुम्ही नोकरी सोडाल त्या दिवशी पहिली काडी लावीन म्हणून वाट बघत होते मी."

"देवळात लाव की."

"देवळात अख्ख्या गावाचे मेलेले जेवायला बसतात. तिच्या वाट्याला काय येणार?"

तोकिएचा आवाज चढला नव्हता. तिचा कधीच चढत नसे, आणि हिसानोरीला तेच बरं वाटे.

"लोक तुमची व्हिस्की नाकाशी नेतात," ती म्हणाली, "आणि डोळे मिटून म्हणतात, अहाहा, देवळातलं चंदन! परक्यांना बाटली भरभरून चंदन. आपल्या पोरीनंच तेवढं काय घोडं मारलंय?"

"तो वास लाकडाचा असतो. आपल्याकडच्या ओकच्या पिंपात माल्ट मुरला की येतो तो. उदबत्तीचं तसं नाही. एक काडी लाव, महिनाभर भिंतीतून जात नाही. तुला कळणार नाही ते. मला फाटकातच कळेल. वाढ आता."

तिनं वाढलं. दोन खोल्यांमधलं सरकतं दार बंद होतं. तो निवांत जेवला, ती समोर बसून बघत राहिली.

"अहो," ती हळूच म्हणाली, "आज घरात काही वेगळं जाणवतंय का?"

त्यानं मान वर केली. क्षणभर तिच्याकडे पाहिलं, मग खिडकीकडे.

"वेगळं काय जाणवणार? त्या बांगड्यानं सगळं व्यापलंय."

"खरंच," तोकिए म्हणाली. थोड्या वेळानं तिनं पुन्हा विचारलं, "मालकांना नाही म्हणून सांगाल का? थकलो म्हणा, तब्येत म्हणा, काहीही म्हणा. मी कुणाला काही बोलणार नाही."

"तू काय बोलणार आहेस?"

"काही नाही."

"लोक म्हणतील, म्हाताऱ्याचं नाक गेलं, म्हणून पळाला. ते मला चालायचं नाही. पाच वर्षं कशी जातील कळणारही नाही तुला. आणि पोर काही आता कुठे जात नाही."

हे बोलायला नको होतं. तोकिएनं भांडी उचलली आणि मोरीत नेऊन ठेवली.

तेवढ्यात घंटा वाजली. हिसानोरीनं बाह्या सारख्या केल्या आणि स्वतःच दार उघडलं. मालक शिराटोरी कमरेत वाकले.

"हिसानोरीसान, नकार ऐकायला आलेलो नाही हं मी. तुमच्या नाकाशिवाय आमचा कारखाना म्हणजे नुसती भट्टी."

"तुमची आज्ञा झाल्यावर मी कोण नाही म्हणणार?" हिसानोरी हसला. "राहतो."

मालकांच्या मागून इबुकी आत आली. एक बूट काढला आणि दुसरा पायातच ठेवून ती थबकली.

"अय्या, चंदनाची उदबत्ती!" तिचा चेहरा फुलला. "सर, तुमच्या कोटाला रोज येतो तोच हा वास! मी इतके दिवस समजत होते, आपल्या पिंपांचाच लागलाय."

मालकांनीही हसून श्वास घेतला. "हो की. चांगलाच दरवळलाय."

हिसानोरी हसू तसंच चेहऱ्यावर ठेवून वळला. तोकिए गुडघ्यावर बसून पाहुण्यांपुढे सपाता मांडत होती. तिनं शांतपणे सपातांची जोडी सरळ केली आणि नवऱ्याकडे न बघता मालकांना म्हणाली, "सहा वर्षांत पोरीला एक दिवसही उपाशी ठेवलं नाही मी."