नववा भाग

"ही सोडून बाकी सगळ्या ने," नूरबानो म्हणाली आणि बारा कॅसेटी तिने रियाच्या पुढ्यात सरकवल्या. एक मात्र मांडीवरच ठेवली.

रियाने कडेला चिकटवलेले आकडे वाचले. एक ते आठ, मग दहा ते तेरा. घ्या! तिला हवा होता तो नववाच भाग, आणि नेमका तोच म्हातारी सोडायला तयार नव्हती.

सदतीस वर्षांपूर्वी दर गुरुवारी टीव्हीवर एक मालिका लागायची. तिचं थोडं शूटिंग पोशीरला झालं, आणि बांधावर उभी राहून गंमत बघणारी भागी दिग्दर्शकाच्या नजरेत भरली. भागी म्हणजे रियाची आई. नवव्या भागात तिला चांगला पाच मिनिटांचा प्रसंग मिळाला. पुढे रिया तीन वर्षांची असताना भागी तापाने गेली. मागे दोन फोटो राहिले. आवाज मात्र रियाला काही केल्या आठवत नव्हता, आणि त्याची खंत तिला आत कुठेतरी कायम पोखरत होती.

मालिका काढणाऱ्या कंपनीकडे तिने चार खेपा घातल्या. टेप केव्हाच पुसून त्यांवर दुसरे कार्यक्रम भरले होते. मग कुणीतरी भिसेगावातलं हे घर सांगितलं. नूरबानोचे नवरे अब्बासचाचा पूर्वी लग्नांचं व्हिडिओ शूटिंग करायचे. गुरुवारी हमखास वीज जायची, तेव्हा नूरबानो त्यांच्या बॅटरीवर मालिका भरून ठेवायची आणि शुक्रवारी दुपारी आळीतल्या बायका ती बघायला तिच्याकडे जमायच्या. भरायची ती लग्नांसाठी आणलेल्या अर्ध्या तासाच्या कॅसेटींवर. एका भागाला एक.

साऱ्या तालुक्याची लग्नं या माणसाने टिपली, आणि घरच्या भिंतीवर एकही फोटो नव्हता. असतात अशीही माणसं, रियाला वाटलं.

"त्या कंपनीवाल्यांना पुसवलं तरी कसं?" ती म्हणाली. "माणसं होती त्यात, बोलती चालती. तुम्ही जपलंत म्हणून बरं, चाची."

नूरबानोने कॅसेटवरची नसलेली धूळ पदराने पुसली. "कोऱ्या कॅसेटीची मारामार होती गं तवा. हाताला लागंल ती घ्यायची."

"मग ही का देत नाही?"

"खराब हाय ती."

खराब कसली! बाकीच्यांना बुरशी धरली होती. हिचा डबा हाताळून हाताळून गुळगुळीत झाला होता.

"तुम्ही बघता ना ही?"

"महिन्यातनं एकदा लावते."

रियाला भरून आलं. परक्या बाईने आपल्या आईला इतकी वर्षं धरून ठेवावं! मघाचा राग निवळला, उलट स्वतःचीच लाज वाटली. इतक्या वर्षांत तिने आईसाठी काय केलं होतं?

"नेत नाही मी," ती म्हणाली. "इथंच लावा. आवाज मोबाइलमध्ये भरून घेते आणि जाते."

नूरबानोने नवऱ्याकडे बघितलं. खुर्चीतले अब्बासचाचा उठले, टोपी घातली. "दूध घेऊन येतो," म्हणाले आणि बाहेर पडले. दूध तर शेगडीवर उतू जायच्या बेतात होतं. नूरबानोने गॅस बंद केला, पण त्यांना थांबवलं नाही.

कॅसेट लागली. चित्र थरथरलं, स्थिरावलं. अर्ध्या भागानंतर दारात भागी आली. पंचविशीसुद्धा गाठली नव्हती बिचारीने.

"एवढ्या उन्हाची कुठं निघालीस गं? ये, पाणी पी आधी."

थोडा घोगरा, ठसठशीत आवाज. रिया कान देऊन ऐकत राहिली. आवाज ओळखीचा वाटला नाही, आणि त्याचंच तिला जास्त रडू आलं. नूरबानो तिच्या पाठीवर हात ठेवून बसली.

भाग संपला, शेवटचं गाणं झालं. रियाने डोळे पुसले आणि कॅसेट थांबवायचं बटण दाबायला हात पुढे केला. नूरबानोने तिचं मनगट धरलं.

"थांब. माझं आता हाय."

पडद्यावर मुंग्या आल्या. मग याच घराची पायरी दिसली, आणि पायरीवर लाल फ्रॉकमधली दोन वर्षांची मुलगी. मागून अब्बासचाचांचा तरणा आवाज आला, "कशिश, इकडं बघ गं." मुलगी वळली, हसली, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि कॅसेट संपली.

"दुसऱ्या दिवशी बायका येणार होत्या, आणि घरात कोरी कॅसेट नव्हती. कशिशच्याच कॅसेटीवर भरलं मी," काळ्या पडद्याकडे बघत नूरबानो म्हणाली. "पोर तर तवा जितीजागती मांडीवर होती माझ्या. म्हटलं, तिचं काय, परत काढू."