टाचेवरची भोकं

"त्या भोकांना हात लावाल तर याद राखा," ताई म्हणाल्या आणि त्यांनी टेबलावरचा बूट उचलून छातीशी धरला.

कारागिराने हातातलं चामडं मुकाट्याने खाली ठेवलं. तो बिचारा हुकमाचा ताबेदार. बुटाच्या टाचेवर भोकं पडलीत ती बुजवा, एवढंच त्याला सांगितलं होतं. सांगणारे संचालक पलीकडे घाम पुसत उभे होते.

"ताई, आपल्या मैदानाचं संग्रहालय आहे. बूट दर्शनी कपाटात ठेवायचाय. जरा नीटनेटका दिसावा, एवढंच."

"नीटनेटका? हे बूट घालून मी काय लग्नाला गेले होते?"

संताप येणार नाही तर काय! ज्या शर्यतीने ताईंचं नाव झालं, त्या शर्यतीतला हा बूट. शेवटच्या वळणावर ताई सगळ्यांच्या पुढे होत्या. मागे लंबू होती. उंचीमुळे तिला सगळे लंबूच म्हणत. वळणावर ताई धाडकन आपटल्या, लंबू पुढे निघून गेली आणि पहिली आली. ताई उठल्या, रक्ताळलेल्या गुडघ्यांनी पळाल्या आणि दुसऱ्या आल्या. पंचांनी पाहिलं तर डाव्या बुटाच्या टाचेला, आतल्या बाजूने, खिळ्यांची भोकं पडलेली. धावण्याच्या बुटांना तळाशी पुढच्या बाजूला खिळे असतात. मागून कोणी पाय दिला, हे सांगायला वेगळा साक्षीदार कशाला हवा? लंबूला बाद केलं, जन्माची बंदी घातली आणि सुवर्णपदक ताईंना दिलं. योग्यच केलं.

आणि ही बया अजून म्हणते, मी पाय दिलाच नाही! काही लोकांना लाज म्हणून नसतेच.

"भोकं गेली की उद्या लोक म्हणतील, ताई आपल्या आपणच पडल्या," ताईंबरोबर आलेली त्यांची लेक म्हणाली. ती संतापात आईच्या वरताण. "पदक फुकटात मिळालं म्हणतील. चालेल तुम्हाला?"

"तसं कोण म्हणेल हो?"

"लंबू म्हणेल! तिनेच तुमचे कान भरलेत, दुसरं काय."

संचालक कसनुसे झाले. "उलट आहे. मी त्यांना फोन केला होता. त्या म्हणाल्या, भोकं अजिबात बुजवू नका."

ताईंचा पारा आणखीच चढला. "नाटकी मेली! चोराच्या उलट्या बोंबा नुसत्या. आता साळसूदपणाचा आव आणते होय?"

"बरं, नाही बुजवत. झालं?"

"नाही झालं. तिचे बूट त्या दिवशी जप्त केले होते. ते तुमच्याच गोदामात आहेत ना? आणा. ते शेजारी ठेवा, खिळे भोकांत घालून. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसू दे तिचा प्रताप."

संचालक पुठ्ठ्याचं खोकं घेऊन आले. दोरी होती, दोरीवर लाखेचं सील होतं, तेही शाबूत.

"हे कधी उघडलंच नाही?" लेकीने विचारलं.

"उघडायचं कशाला? भोकं सगळ्यांना दिसत होती की," ताई म्हणाल्या.

सील तोडलं. लंबूचा बूट ताईंनी स्वतःच्या हाताने टाचेवर धरला. दोन खिळे बसले, तिसरा बाजूला गेला. त्यांनी बूट फिरवला. मग दुसऱ्या पायाचा घेऊन पाहिला. तोही बसेना.

"चामडं आटलंय," ताई कारागिरावर ओरडल्या. "इतकी वर्षं झाली, आटणार नाही?"

"आटतं की," कारागीर म्हणाला. वाद कोण घालणार?

"मग उद्या ओलं करा, ताणा, काय हवं ते करा. पण बसवा!"

"बसवू, बसवू," संचालक म्हणाले. कधी एकदा हा विषय संपतो, असं त्यांना झालं होतं. "भोकं राहणार हे नक्की, तेवढं लंबूबाईंनाही कळवून येतो." आणि ते फोन घेऊन बाहेर सटकले.

ताई खुर्चीत टेकल्या. लेकीने पाण्याची बाटली त्यांच्या हातात दिली आणि आईचे बूट आवरायला घेतले. डावा बूट घरी कायम दिवाणखान्यात काचेच्या पेटीत असे. पाहुणे येत, भोकं बघत, हळहळत. उजव्याला कोण विचारतो? तो माळ्यावर पडलेला. संग्रहालयाला जोडी हवी म्हणून लेकीने कालच काढून पुसला होता. आता तिने डावा घरून आणलेल्या खोक्यात आडवा ठेवला आणि नवे बूट ठेवतात तसा उजवा त्याच्याशी उलटसुलट लावून दाबला. खोकं लहान पडलं. म्हणून तिने उजवा परत वर उचलला.

त्याच्याबरोबर डावाही वर आला.

लेकीने हलवून पाहिलं. सुटेना. उजव्याचे खिळे डाव्याच्या टाचेत घट्ट रुतले होते. एकही भोक रिकामं नव्हतं, एकही खिळा बाहेर नव्हता.

"आई," ती म्हणाली. तिने अडकलेली जोडी तशीच पुढे धरली.

ताई उठल्या. त्यांनी दोन्ही बूट हातात घेऊन निरखून पाहिले. लेकीकडे पाहिलं, कारागिराकडे पाहिलं. मग जोर लावून त्यांनी बूट वेगळे केले आणि उजवा आपल्या पिशवीत टाकला.

दार उघडून संचालक आत आले. त्यांचा चेहरा उजळला होता. "कळवलं हो. भोकं राहणार म्हटल्यावर लंबूबाई फोनवरच रडायला लागल्या. म्हणाल्या, आता कोणीतरी जुळवून बघेल."

"बुजवून टाका," ताई कारागिराला म्हणाल्या. "आत्ताच्या आत्ता, माझ्यासमोर."