बर्फ फुटतानाचा आवाज

आयर्लंडमधल्या मलिंगार गावी मुलाकडे राहायला आल्यापासून मोरेश्वरअप्पांनी उत्तर ध्रुवाजवळच्या समुद्रात तेलाच्या निदान चार विहिरी खोदल्या होत्या, अर्थात दिवाणखान्यात बसून. नोकरी सगळी पाणीपुरवठा खात्यात झाली होती, पण पोहे खायला आलेल्या पाहुण्यांना ते कोण सांगतो? त्या रविवारी अप्पांनी दोन मजली हिमखंड तेल काढायच्या रिगवर नुकताच आदळवला होता, तेवढ्यात समोर बसलेली पाहुणी कौमुदी म्हणाली, "काका, मी तेच काम करते. बर्फाळ समुद्रातल्या रिगचे पाय डिझाइन करते, डब्लिनमध्ये."

अप्पांनी घाईघाईने पोह्यांची बशी तिच्यापुढे सरकवली. आता ही रिगचं नाव विचारणार, साल विचारणार आणि सुनेदेखत आपलं नाक कापलं जाणार!

"सहा वर्षं झाली," कौमुदी पुढे सरकून बसली, "पण सगळं कॉम्प्युटरवर. मी बर्फ पाहिलाय तो सरबतातला. तिथे जाऊन आलेलं माणूस आज पहिल्यांदा भेटतंय. काका, बर्फ फुटतो तेव्हा आवाज कसा येतो हो?"

अप्पांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी डोळे मिटले.

"आधी बारीक करकर. मग थोडा वेळ सगळं गप्प. आणि मग काडकन तुकडा सुटतो तो थेट पायावर! पाय वेळेत मागे घ्यायचा, हा अनुभवाचा भाग."

कौमुदीने ते भक्तिभावाने फोनमध्ये टिपून घेतलं.

"अप्पा," स्वयंपाकघरातून सुनेची हाक आली, "पाहुण्यांचं झालं की फ्रीझरच्या खालच्या कप्प्यातलाही बर्फ खरवडून टाका हं. सकाळचं उलथनं तिथेच ठेवलंय. आणि या वेळी पायात बूट घाला!"