अंगी न लागणारं दूध

बाळ पोटभर दूध प्यायलं होतं, तरी भुकेने रडत होतं. दरड कोसळून घाट बंद झाला होता आणि दवाखान्यातून येणारी त्याची खास दुधाची पावडर कालच संपली होती. हेमलता त्याला खांद्यावर घेऊन घरभर फेऱ्या मारत होती.

"माझं दूध पितोय की तो," ती नवऱ्याला म्हणाली.

"पितोय, पण अंगी लागत नाही," विश्राम म्हणाला. "आपली अमिनो आम्लं डावी, त्याची उजवी. उजव्या पायात डावी चप्पल बसेल का? तुझ्या दुधातली प्रथिनं त्याच्या पोटातल्या पाचक विकरांना फोडताच येत नाहीत."

कुठल्याही साथीचा विषाणू बाळाला शिवू नये, म्हणून दोघांनीच जन्माआधी त्याच्या रेणूंची घडण आरशातल्यासारखी उलटी करून घेतली होती.

रडणं क्षीण झालं, तशी हेमलता बाळाला घेऊन थेट खालच्या आळीतल्या निलोफरकडे गेली. निलोफर ही गावात जन्मलेली पहिली उजवी मुलगी. आता तिलाच तान्ही लेक होती, तीही उजवी.

दारातच हेमलताने बाळ पुढे केलं. निलोफरने काही न विचारता बाळाला ओढणीखाली घेतलं. थोड्याच वेळात ते घटाघट पिऊ लागलं.

रिकाम्या हातांचं काय करावं, हे हेमलताला कळेना. "मी बाहेर थांबते," ती म्हणाली.

"बाहेर कशाला, ताई? माझा हात अवघडलाय. डोकं तुम्ही धरा त्याचं."

हेमलता तिला खेटून बसली आणि तिने बाळाच्या मानेखाली तळहात सरकवला.