चिंच की कोकम

"मॅडम, ती कमेंट आधी काढून टाका," शैलेश फोनवर अगदी काकुळतीला आला होता.

"कुठली? त्या उरणच्या बाईंच्या सुक्या सोड्यांत वाळू असते, ती?" समृद्धीने शांतपणे विचारलं. "नाही काढणार."

शैलेशने कपाळाला हात लावला. खांदा कॉलनीत एका झेरॉक्सच्या दुकानाच्या माळ्यावर त्याचं ऑफिस होतं. ऑनलाइन धंदेवाल्यांना सर्चमध्ये वर आणून द्यायचं, हे त्याचं काम. करंजाड्याची समृद्धी त्याचं जेमतेम तिसरं गिऱ्हाईक. चांगली नोकरी सोडून तिने सुक्या मासळीची वेबसाइट काढली होती आणि कुणी 'सुकी मासळी' असं शोधलं की ती पाचव्या पानावर सापडायची. पाचव्या पानापर्यंत जातंय कोण? पहिल्या पानावर मुंबईची एक बडी कंपनी ठाण मांडून बसली होती.

"दिवाळीपर्यंत बघते," समृद्धीने पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. "नाही जमलं तर पुन्हा नोकरी."

शैलेशने तीन महिने जिवाचं रान केलं. समृद्धी पाचव्या पानावरून चौथ्यावर आली, आणि तेवढ्यात उरणच्या दमयंतीबाई उगवल्या.

दमयंतीबाईही सुकी मासळी ऑनलाइन विकायच्या. साठीची, खणखणीत आवाजाची बाई. त्यांनी व्हिडिओच टाकला. "आमी खाडीवर उन्हात उभं राहून वाळवतो. ती करंजाड्याची पोर फ्लॅटमध्ये बसून विकते. तिला सुकटीतलं काय कळतं? काय नाय!"

तासाभरात समृद्धीचा उलट व्हिडिओ आला. मग बोंबलाच्या कालवणात चिंच की कोकम यावरून जुंपली. ते संपतंय तोवर सुकट आधी भाजायची की आधी धुवायची यावरून.

"मॅडम, सोशल मीडियावर नाव खराब झालं की लोक वाईट रिव्ह्यू टाकतात, मग सर्चमध्येही आपण खाली," शैलेश रोज बजावायचा. "ब्लॉक करा त्या बाईंना."

"माघार मी घ्यायची? शक्य नाही."

शैलेशने आशा सोडली. पण वाईट रिव्ह्यू काही आले नाहीत. लोकांत तट पडले, चिंचवाले आणि कोकमवाले. खरं कोण ते ठरवायला माणसं दोघींकडून मासळी मागवू लागली. मासळी दोघींचीही झकास होती, त्यामुळे निकाल काही लागेना. खाण्यावर लिहिणारे या भांडणावर लिहू लागले आणि लेखात दोघींच्या वेबसाइटची लिंक देऊ लागले. नुसतं 'मासळी' न लिहिता लोक थेट 'समृद्धीची सुकट' असं शोधू लागले. असं झालं की सर्चलाही वाटायला लागतं, ही कुणीतरी मोठी असामी दिसते.

चौथ्यावरून दुसरं पान. आणि एका सोमवारी पहिलं पान, पहिला नंबर! शैलेश खुर्चीतून असा उसळला, की डोकं माळ्याच्या छताला आपटलं. दुखलंसुद्धा नाही. बडी कंपनी तिसरी होती. दुसऱ्या नंबरावर मात्र दमयंतीबाई!

पेढे घेऊन त्याने स्कूटर करंजाड्याकडे पळवली. समृद्धीच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती, नुसती पार्सलं. बातमी ऐकून तिने टाळीच वाजवली. "आणि दिवाळीला अजून पंधरा दिवस आहेत! आता नोकरीचं नाव काढायचं नाही."

"एवढंच खुपतंय, मॅडम," शैलेश म्हणाला. "आपल्या जिवावर त्या बाई फुकटात दुसऱ्या आल्या."

समृद्धी पाणी आणायला आत गेली. इतक्यात बेल वाजली. शैलेश दाराजवळच होता, त्याने उघडलं.

दारात साक्षात दमयंतीबाई! हातात भलीमोठी पिशवी, कपाळावर घाम.

शैलेश दोन्ही हात पसरून दारात आडवा उभा राहिला. "हे बघा बाई, घरापर्यंत यायचं नाही. जे काय भांडायचं ते ऑनलाइन भांडा!"

"सरक रे बाजूला," म्हणत बाई त्याच्या हाताखालून आत शिरल्या, पिशवी खाली ठेवली, सोफ्यावर ऐसपैस बसल्या आणि बॉक्समधला एक पेढा तोंडात टाकला.

समृद्धी पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. तिने बाईंना पाहिलं, तांब्या त्यांच्या हातात दिला आणि त्यांना खेटून बसली.

"आई," ती म्हणाली, "उद्या कशावरून भांडायचं?"