वळणापासून दोन विती

"आई, तुला जास्त कोण आवडतं? मी की हा ट्रक?"

मैत्रिणींनी पैज लावली होती म्हणून भोंग्याने विचारलं. विचारलं कसलं, ओरडलीच. बाबांनी लेकीचं नाव भोंगा ठेवलं होतं ते काही उगाच नाही. गॅरेजच्या दारात मैत्रिणी दप्तरं तोंडावर धरून फिदीफिदी हसत होत्या.

आई इंजिनावर वाकली होती. तिने मानसुद्धा वर केली नाही. "ट्रक. निदान उलटून तरी बोलत नाही."

मैत्रिणी पोट धरधरून हसल्या आणि घरी पळाल्या. भोंगाही हसली, सगळ्यांत मोठ्याने. मग जाऊन कोपऱ्यातल्या टायरवर बसली.

एकटी चष्मिश तेवढी मागे राहिली. हळूच आत येऊन तिने विचारलं, "काकू, हे काय हो?"

झालं! आईचा चेहरा असा उजळला की भोंग्याच्या अंगाचा तिळपापड झाला. आईने हात पुसले आणि बोटाएवढा सेन्सर चष्मिशच्या तळहातावर ठेवला. वर टॉर्चही दिला. भोंग्याचा टॉर्च!

"इंजिन किती हवा ओढतंय, ते हा मोजतो. त्या हिशेबाने डिझेल सुटतं. ह्याने चुकीचं सांगितलं की चढावर गाडी धापा टाकते, काळा धूर ओकते. हा पाइप नवाकोरा आहे. सेन्सर कुठे बसवायचा ते ठरवून भोक पाडायचंय. बघ बरं, तू कुठे बसवशील?"

"मी सांगू?" चष्मिश हरखली.

"सांग की. हुशार आहेस."

हुशार! भोंगा टायरवर बसल्या बसल्या नखं खात राहिली. गणितात पैकीच्या पैकी मार्क मिळवले तेव्हा आई काय म्हणाली होती? 'बरं झालं, आता कपडे बदल.' आणि ही परकी पोरगी, हिला हुशार, हिला टॉर्च!

चष्मिशने चष्मा वर सारत पाइप न्याहाळला. हवेच्या फिल्टरमधून निघून पाइप आधी वळत होता, मग सरळ इंजिनाकडे जात होता. वळण संपतं तिथेच तिने खडूने फुली मारली. "इथे. वायर बरोबर पोचते."

चुकली. भोंग्याला एका नजरेत कळलं. मनातल्या मनात ती टुणकन उडी मारून नाचली. पाडा भोक! होऊ दे फजिती! मग बघू कोण हुशार ते.

ट्रकच्या पलीकडे बाबा आरसा पुसत होते. सकाळी माल भरून त्यांना घाट चढायचा होता. "काय गं, आज भोंगा गप्प कसा?" त्यांनी हाक मारली. "वायर तुटली की काय?"

तिने पुढचं नख दातांत धरलं.

आईने ड्रिल उचललं. टोक फुलीवर टेकवलं. "पाडू ना मग इथे?"

विचारलं चष्मिशला, पण बघत होती टायरकडे. चष्मिशने मान डोलावली. बाबांनी शीळ घालत आरसा सरळ केला आणि स्वतःलाच डोळा मारला. धापा टाकणाऱ्या गाडीत हाच माणूस बसणार होता, शीळ घालत.

"आई, तिथे नको!"

गॅरेजचा पत्रा दणाणला.

"का?"

"वळणावरून आलेली हवा गरगरते. सेन्सर खुळावतो, एकदा जास्त सांगतो, एकदा कमी. तिला जरा सरळ चालू द्यायचं, मग मोजायचं. वळणापासून दोन विती. माझ्या नाही, तुझ्या." एका दमात बोलून झाल्यावर तिला धाप लागली. "आणि वायर वाढवता येते."

आईने वीत टाकली. मग दुसरी. जुनी फुली पुसून नवी मारली. शाबासकी नाही, काही नाही.

"हे काकूंनी मला कुठे सांगितलं?" चष्मिश फुरंगटली. "तुला कधी सांगितलं?"

"जेवताना," भोंगा म्हणाली. "ताटाच्या कडेने बोट फिरवून दाखवते ती. रोजच काही ना काही चालू असतं. मी आपली घास तोंडात कोंबून पळते."

"तुझी मजा आहे बाई," चष्मिश टॉर्च परत देत म्हणाली. "आमच्याकडे जेवताना फक्त टीव्ही बोलतो."

भोंग्याने टॉर्च घेतला आणि नव्या फुलीवर धरला. उजेडात तिला ड्रिलची वायर दिसली. ती बाकाखालून गेली होती, आणि तिचा प्लग खाली जमिनीवर पडला होता. तो बोर्डात लावलेलाच नव्हता.

तिने आईकडे पाहिलं. आई अगदी मन लावून फुलीवरचा खडू फुंकत होती.

भोंग्याने वाकून प्लग उचलला आणि बोर्डात खोचला.

"आईबाबा, ऐका," तिने जाहीर केलं. आवाज चक्क हळू होता. "तो मघाचा प्रश्न मी मागे घेतलाय. उद्यापासून शाळा सुटली की मी इथे. ही आली तर येऊ दे. टॉर्च मात्र मीच धरणार."